मीटरचं दाणापाणी

सोमवारी सकाळी शाळेला निघताना किल्ली फिरवली आणि पेट्रोलचा काटा जागचा हललाच नाही. आदल्या दिवशी तासगावकडच्या शेतावरून आलो तेव्हा तो अर्ध्याच्या जरा खाली होता, हे मला पक्कं आठवत होतं. रात्रीतनं कुणी पेट्रोल काढून नेलं की काय, हा पहिला विचार. सांगलीच्या गावभागात आमचं घर, तेही बोळात, गाडी रात्रभर बाहेर उभी. त्यामुळे शंका अगदीच खुळी नव्हती. वाटेत पंपावर पाचशेचं टाकलं. काटा तरी ढिम्म. पैसे घेणारा पोरगा खिडकीतून आत डोकावला आणि म्हणाला, "मॅडम, टेंपरेचरचा पण झोपलाय की तुमचा."

खरंच झोपला होता. घरापासून दोन किलोमीटर आले होते, म्हणजे एव्हाना तो थोडा तरी उठायला हवा होता.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. कारखान्यातून निवृत्त व्हायच्या आधी, 2003 मध्ये त्यांनी घेतलेली पेट्रोलवरची छोटी गाडी. नंबर अर्थात एमएच 10. चालवते मी, सर्व्हिसिंगचे पैसे मी भरते, पण गाडीबद्दल शेवटचा शब्द अण्णांचाच. डॅशबोर्डवर मिरवण्यासारखं काही नाही. मधोमध स्पीडचा मोठा काटा, एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला टेंपरेचर, खाली दिव्यांची एक ओळ. हल्लीच्या गाड्यांत स्क्रीनवर काय काय दिसतं, यात तेवढंच.

पेट्रोलच्या काट्याची मला तेवढी फिकीर नव्हती. किलोमीटर मोजून भागवता येतं, आणि संपलंच तर कुणीतरी ढकलायला येतं. काळजी टेंपरेचरची. गाडीत पाणी कमी झालं, पंखा बंद पडला, रेडिएटर गळायला लागला, तर सांगणारा तो एकच. त्याच्याकडे लक्ष गेलं नाही की हेड गॅसकेट जातं आणि मग बिलाचा आकडा वाचताना चष्मा पुसावा लागतो. त्यात मार्चातलं सांगलीचं ऊन.

संध्याकाळी घरी आल्यावर अण्णांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"दोन्ही एकदम?"

"दोन्ही."

"मग बघू की उद्या." आणि पेपर पुन्हा वर.

त्या "दोन्ही एकदम?" मध्ये अख्खं निदान होतं. मला ते तीन आठवड्यांनी कळलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. विद्युतधारा, रोध, विभवांतर हे सगळं फळ्यावर लिहून माझी बोटं झिजली आहेत, त्यामुळे हे प्रकरण आपल्या आवाक्यातलं आहे असं मला वाटलं. प्रयोगशाळेतला मल्टिमीटर पिशवीत टाकला, हेडसरांना सांगून. टेंपरेचरच्या काट्याची तपासणी कशी करतात ते मला ठाऊक होतं. इंजिनात पाण्याच्या वाटेवर एक पितळी सेन्सर बसवलेला असतो. पाणी तापेल तसा त्याचा रोध कमी होतो, वायरीतून जास्त करंट जातो, काटा चढतो. म्हणून सेन्सरची वायर काढायची आणि किल्ली चालू ठेवून ती इंजिनाच्या लोखंडाला टेकवायची. रोध शून्य, म्हणजे काटा लालकडे सरकायला लागला पाहिजे. सरकला की लगेच वायर काढायची, कारण काट्याच्या आतल्या बारीक तारेला एवढा करंट फार वेळ झेपत नाही. काटा सरकला तर मीटर आणि वायर चांगली, सेन्सर बाद. नाही सरकला तर दोष सेन्सरच्या अलीकडे.

मंगळवारी अण्णांना आत बसवलं, बॉनेट उघडलं, वायर टेकवली.

"हालला का?"

"न्हाई."

"आता?"

"अगं न्हाई म्हणतोय न्हवं. झोपलाय तो."

मी निकाल देऊन टाकला: मीटर गेलं. आज लिहिताना लाज वाटते. दिवा लागत नाही म्हणून बल्ब बाद ठरवणाऱ्या मुलाला मी विचारते, "सेल बघितलास का आधी?" मी स्वतः सेल बघितलाच नव्हता. मीटरपर्यंत वीज पोचते आहे का, हे न पाहता मीटरचा दाखला फाडून मोकळी झाले होते.

गॅरेजवाल्यानं माझ्या निकालावर शिक्का मारला. गाडी नेली, त्यानं काचेवर बोटानं टकटक केलं, किल्ली दोनदा फिरवली आणि सांगितलं, "अख्खं मीटर बदलावं लागेल ताई. नवीन आता येत नाही. जुन्या बाजारातनं आणून बसवून देतो, साडेसहा हजार."

"उघडून बघाल का आधी?"

"उघडून काय बघायचं? बावीस वर्षांची गाडी हाय."

हा युक्तिवाद मला आवडत नाही. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, त्यांना खोकला झाला तर कुणी अख्खे अण्णा बदला म्हणत नाही. गाडी घेऊन परत आले.

शनिवारी दुपारी नुसतीच आत बसले होते. किल्ली फिरवली, पण स्टार्टर मारला नाही. आणि तेव्हा लक्षात आलं की काहीतरी कमी आहे. अशा वेळी खालच्या ओळीत दोन लाल दिवे लागतात, एक बॅटरीचा, एक ऑइलचा. गाडी सुरू झाली की विझतात. आज एकही लागला नाही. बरेच दिवस लागत नसणार. न लागलेला दिवा डोळ्याला टोचत नाही, हीच त्याची अडचण.

अण्णांना बोलावलं. ते दाराला टेकून बघत राहिले आणि म्हणाले, "एका घरातली चार माणसं एकाच रात्री आजारी पडली, तर वैद्य आधी आडाचं पाणी बघतो."

दोन काटे, दोन दिवे. चौघांचे सेन्सर वेगळे, वायरी वेगळ्या, जागा वेगळ्या. पेट्रोलचा टाकीत, टेंपरेचरचा इंजिनावर. चौघांच्यात सामायिक काय, तर येणारी वीज किंवा परतीची अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून वीज परत जायची वाट. स्पीडचा काटा मात्र ठणठणीत होता, आणि तोही साक्षीदारच निघाला. या जुन्या गाडीत स्पीडला वीज लागत नाही. गिअरबॉक्समधून एक केबल येते, तिच्या टोकाला चुंबक फिरतं, आणि ते ॲल्युमिनियमच्या एका वाटीला न शिवता आपल्यामागे ओढतं. वाटीला बारीक स्प्रिंग असते, ती तिला मागे खेचते. जेवढा वेग तेवढी ओढ. म्हणजे विजेवरचे सगळे मेले आणि बिनविजेचा एकटा जगला. इतकं लख्ख उत्तर समोर असताना मी पाच दिवस सेन्सरमागे धावत होते.

फ्यूजची पेटी स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ. तिथं बघायचं तर सीट मागे ढकलून, मान वाकडी करून, मोबाइलचा टॉर्च दातात धरावा लागतो. झाकणाच्या आतल्या बाजूला कुठला फ्यूज कशाचा ते लिहिलेलं असतं. अर्धं पुसलं होतं. एका चौकोनात "मीटर" आणि पुढे तिरकी रेघ देऊन "बॅक" असं दिसत होतं. बॅक म्हणजे काय, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पडला असता तर ही कथा इथंच संपली असती.

तो फ्यूज चिमट्यानं ओढून काढला. निळा, म्हणजे 15 अँपिअरचा. उजेडात धरला तर आतली पट्टी मधोमध तुटलेली आणि प्लॅस्टिकला आतून काजळी. चौकातल्या स्पेअरच्या दुकानातून दहा रुपयांना नवा आणला, बसवला, किल्ली फिरवली.

दोन्ही लाल दिवे लागले. आणि मग काटे उठले, पण एकदम नाही. या जातीच्या काट्यांची चाल मला फार आवडते. आत एक द्विधातू पट्टी असते, इस्त्रीत असते तशी. तिच्याभोवती गुंडाळलेली तार करंटनं तापते, पट्टी वाकते, काटा सरकतो. तापायला वेळ लागतो, म्हणून काटा झोपेतून उठल्यासारखा, सावकाश, आळोखेपिळोखे देत वर येतो. त्यामागे सोयही आहे. टाकीतला तरंगता गोळा खड्ड्याखड्ड्यांत हिंदकळत असतो. काटा चपळ असता तर तोही नाचला असता. पाचशेचं पेट्रोल अखेर काट्यावर दिसलं. अण्णा म्हणाले, "साडेसहा हजार वाचले, आता त्यातलं दहा रुपयाचं भडंग आण."

आणलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही शेतावर गेलो. कवलापूर सोडेपर्यंत मी रस्त्यापेक्षा काट्यांकडेच जास्त बघत होते. येताना डिक्कीत शाळूचं एक पोतं आणि द्राक्षांच्या दोन पेट्या. बुधगाव, माधवनगर करत घरी आलो, गाडी बोळात उलटी घातली, जेवलो, झोपलो.

सोमवारी सकाळी चौघंही पुन्हा मेलेले.

आता शेजारचे काका मदतीला आले. त्यांच्या मते फ्यूज कमी ताकदीचा. "तीसचा घाला, नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळा, आमच्या जीपला आम्ही तेच करायचो." मी त्यांना चहा दिला आणि चांदीचा विषय तिथंच थांबवला. फ्यूज उडतो म्हणजे तो आपलं काम करतोय. कुठंतरी नको तितका करंट वाहतोय, आणि वायर जळण्याआधी तो स्वतः जळून वाट बंद करतोय. तिथं तीसचा घातला तर फ्यूज टिकेल आणि डॅशबोर्डमागची वायर पेटेल. चांदी म्हणजे तर पहारेकरी झोपवून दार उघडं टाकणं. काकांची जीप कशी वाचली देव जाणे. ते सांगत नाहीत.

नवा फ्यूज घालायच्या आधी मल्टिमीटर बॅटरीला लावून बघितला. गाडी बंद असताना 12.6 व्होल्ट, उत्तम. सुरू केल्यावर अल्टरनेटरनं चार्ज करून तो 14 च्या आसपास जायला हवा. मंद चालू असताना 12.4 वरच अडकला. रेस दिल्यावर मग उडी मारून 14.1. फ्यूज घालून पुन्हा बघितलं तर रेस न देताच 14. म्हणजे बॅटरीचा तो लाल दिवा नुसता शोभेचा नाही. बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरला जागं करणारा पहिला करंट त्या दिव्यातूनच जातो. मीटरचा फ्यूज गेल्यानं बॅटरीही हळूहळू उपाशी राहत होती. विश्रामबागच्या सिग्नलवर उभी असताना मला याचा पत्ता नव्हता.

मग मी वही घातली. माझा स्वभावच तो. तारीख, कुठं गेलो, रस्ता कसा, काटे कधीपर्यंत जिवंत. तिसरा फ्यूज सोमवार ते शनिवार टिकला, रोज शाळेला जाऊन. रविवारी शेत, सोमवारी गचकला. उत्तर मला चकाकताना दिसलं: शेताची पाणंद. शेवटचे दीड किलोमीटर बैलगाडीची वाट आहे, गाडी होडीसारखी डुलते. तिथल्या हिसक्यांनी एखादी वायर घासते आणि शॉर्ट होते. पडताळायला एका संध्याकाळी हरिपूरकडे मुद्दाम वाईट वाट शोधून पंधरा मिनिटं गाडी आपटत फिरवली. काही झालं नाही. अण्णांची पाठ तेवढी दुखली. म्हणाले, "फ्यूज सोड, माझंच काहीतरी उडंल आता."

शेवटी मिरजेला गेलो. सांगलीकरानं मिरजेला जायचं म्हणजे एक दवाखान्यासाठी, नाहीतर रेल्वेसाठी. आम्ही गाडीच्या दवाखान्यासाठी गेलो. सतारमेकर गल्लीपासून जवळच एका बोळात अण्णांच्या ओळखीचे वायरमन चाचा बसतात. दुकान म्हणजे एक शटर, एक बाकडं, आणि भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या रंगीत वायरींचे झुबके. सत्तरी उलटली आहे. चष्मा दोऱ्यानं मानेला बांधलेला. मी मल्टिमीटर काढला तर त्यांनी तो हातात घेऊन कौतुकानं बघितला आणि बाकड्यावर ठेवून दिला.

"काय काय एकदम मेलं?"

सांगितलं.

"आणि मागचा दिवा?"

"कुठला मागचा?"

"रिव्हर्सचा."

मी अण्णांकडे बघितलं, अण्णांनी माझ्याकडे. रिव्हर्सचा दिवा चालवणाऱ्याला दिसतो कुठं? चाचांनी फ्यूजपेटीचं झाकण काढून त्या पुसट अक्षरांवर नख ठेवलं. मीटर, तिरकी रेघ, बॅक. "एका ताटात दोघं जेवतात, ताई. मीटर आणि रिव्हर्सचा दिवा. मीटर मेलेलं न्हाई. त्याचं दाणापाणी बंद झालंय. खाणारा दुसराच हाय."

मग त्यांनी वही मागितली. चष्मा लावून एकेक ओळ बोट ठेवून वाचली. मला वाटलं पाणंदीबद्दल बोलतील. ते म्हणाले, "घरात गाडी कशी लावता?"

"रिव्हर्स. बोळ अरुंद आहे."

"आणि शाळेत?"

"शाळेतही कधीकधी रिव्हर्स घेते. तिथं काही होत नाही."

"हं." त्यांनी वही मिटली. "रविवारी डिक्कीत काय असतं?"

पुढचा अर्धा तास मी आयुष्यभर वर्गात सांगणार आहे. चाचांकडे जुन्या हेडलाइटचा एक बल्ब होता, त्याला दोन लांब वायरी सोल्डर केलेल्या आणि टोकांना फ्यूजच्या जागेत बसतील अशा चपट्या पिना. फ्यूज काढून तिथं त्यांनी हा बल्ब जोडला आणि तो डॅशबोर्डवर माझ्यासमोर ठेवला. युक्ती अशी की सगळी वीज आता बल्बातून जाते. पुढे पक्का शॉर्ट असला तरी बल्बामुळे साधारण 5 अँपिअरच्या वर करंट जाऊ शकत नाही, त्यामुळे काही जळत नाही, आणि फ्यूजवर फ्यूजही उडत नाहीत. थोडा करंट जात असेल तर बल्ब मंद. शॉर्ट झाला की लख्ख.

किल्ली फिरवली. मीटर जागं झालं, बल्ब जवळजवळ विझलेला. मीटर खातं ते किती!

"आता रिव्हर्स टाका."

इंजिन बंदच होतं. गिअर मागे ओढला. बल्बाची तार नारिंगी झाली, निखाऱ्यावर राख चढल्यावर दिसते तशी. मागून चाचांच्या हाताखालचा पोरगा ओरडला, "बत्ती लागली, बारीक!" बरोबर. रिव्हर्सचे दिवे आणि हा बल्ब एका ओळीत, वीज वाटून घेतलेली. म्हणजे या घडीला शॉर्ट नाही.

चाचा पोराला म्हणाले, "डिक्की उघड. बस आत."

"मी?"

"न्हाई तर काय मी बसू?"

पोरगा मांडी घालून डिक्कीत बसला. गाडी मागून जराशी दबली आणि माझ्यासमोरचा बल्ब असा काही पेटला की डोळ्यांपुढे हिरवे ठिपके नाचायला लागले. दोन्ही काटे लोळत खाली. पोरगा उठला, बल्ब नारिंगी. बसला, लख्ख. अण्णा रस्त्यात उभं राहून हसायलाच लागले, "ऊठ रे. बस रे. ऊठ रे." दोन-चार जण थांबले बघायला.

डिक्कीतलं कार्पेट उचललं, खालची फळी काढली, स्टेपनी बाहेर घेतली. आणि तिथं कोपऱ्यात, दोन स्क्रूंनी पक्का बसवलेला, धूळ खात पडलेला, काळा चौकोनी डबा. अण्णांचं हसू थांबलं.

"हा तर माझाच."

रिव्हर्स हॉर्न. गाडी मागे घेताना धून वाजवणारा. 2005 च्या सुमाराला प्रत्येक गाडीला तो असायचा, आणि अण्णांनी हौसेनं एका रविवारी स्वतः बसवला होता. रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरीला कात्रीनं सोलून, त्यातूनच वीज घेऊन, वर काळी टेप गुंडाळून. गल्लीतली कुत्री त्या धुनेला ओळखायची. मग 2019 चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 फुटांपर्यंत. गावभाग पाण्यात, आमची गाडी सीटच्या बुडापर्यंत बुडालेली. पूर ओसरल्यावर गाडी उन्हात वाळवली, ऑइलं बदलली, ती पुन्हा सुरू झाली. एवढ्यावरच आम्ही नारळ फोडला. हॉर्न तेव्हाच मुका झाला होता. त्या दिवसांत घराघरातून इतकं काही गेलं होतं की हॉर्न गेल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. अजूनही सांगलीत जुनी गाडी घ्यायला गेलं की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न किमतीचा नसतो, "पुरात होती का?" हाच असतो.

चाचांनी ती जोडणी बोटानं उचलून दाखवली. टेप कधीच्या काळी वितळून गुळाच्या काकवीसारखी चिकट झाली होती आणि घसरून बाजूला गेली होती. आत तांब्याचे धागे मोकळे, त्यांवर पुराच्या पाण्यानं चढलेलं हिरवं. आणि ती वायर नेमकी स्टेपनीच्या रिमखालून गेलेली. डिक्की रिकामी असली की स्टेपनी जरा सैल राहायची, तांबं अधांतरी. पोतं टाकलं की फळी दबायची, रिम खाली यायची, तांबं पत्र्याला टेकायचं. तरीही काही व्हायचं नाही, कारण त्या वायरीत वीज फक्त रिव्हर्स टाकल्यावर येते. पोतं डिक्कीत आणि गिअर रिव्हर्समध्ये, हे दोन्ही जुळायचं कधी? रविवारी रात्री, आमच्याच बोळात, घराच्या दारात. मी तेव्हा मान मागे वळवून गाडी घालत असायचे. काटे माझ्या पाठीमागे मरायचे.

पत्र्यावर तिथं मुगाएवढा काळा डाग होता. रंग जळून आतलं लोखंड उघडं पडलेलं. तीन फ्यूज तिथं खर्ची पडले होते.

दुरुस्तीत सांगण्यासारखं काही नाही. हॉर्न काढला, जोडणीचा हिरवा भाग कापून टाकला, वायर नव्यानं जोडून सोल्डर केली, वर आवळणारी स्लीव्ह चढवली, स्टेपनीखालून काढून बाजूच्या कडेनं क्लिपात बसवली. जळक्या डागाला पॉलिशपेपर मारून रंगाचा ठिपका. मग बल्ब तसाच ठेवून पोराला पुन्हा डिक्कीत बसवलं, या वेळी उड्या मारायला सांगून. बल्ब नारिंगीच. बल्ब काढून 15 चा निळा फ्यूज घातला.

"किती झाले, चाचा?"

"अडीचशे द्या. आणि पोराला वेगळे द्या, त्यानंच शोधला शॉर्ट."

मी बॅक या शब्दाबद्दल, सेन्सरबद्दल, आधी केलेल्या सगळ्या चुकांबद्दल सांगितलं. चाचांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वही चांगली होती. तुम्ही रस्ता लिहिला, सामान न्हाई लिहिलं."

अण्णा मात्र तो काळा डबा हातात घेऊन उभे. "जरा बॅटरीला लावून बघता का? वाजंल बहुतेक."

चाचांनी बाकड्यावरच्या बॅटरीला त्याच्या वायरी टेकवल्या. डब्यातून माती झडली, आत काहीतरी खरवडलं, आणि गळा धरलेल्या बेडकासारखा एक आवाज निघाला. तेवढाच. अण्णांनी तो तरी पिशवीत घातला. सध्या तो आमच्या माळ्यावर आहे.

पुढच्या रविवारी शेतावरून दोन पोती आणली, मुद्दाम. बोळाच्या तोंडाशी अण्णा आधीच उतरले आणि मागे जाऊन उभे राहिले. मी रिव्हर्स टाकला. मान मागे वळवायच्या आधी एकदा काट्यांकडे बघितलं. पेट्रोल अर्ध्यावर, टेंपरेचर मधोमध.

"येऊ दे," अण्णा मागून सांगत होते, "येऊ दे, येऊ दे, जरा डावीकडं घे, भिंत हाय, येऊ दे..." आणि डिक्कीवर थाप मारून, "बास!"